वाईचा नंबर बंद करू नकोस

चि. मनू,


परवा फोनवर तू म्हणालीस, वाईचा लँडलाइन बंद करायचा अर्ज तयार आहे, तुझ्या बाबांची, म्हणजे दादाची, सही तेवढी घ्यायची राहिली आहे. ती सही घेऊ नकोस. तुझं कारण खरं आहे, ते मी नाकारत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादा वॉकर धरून माजघरातून ओसरीवर येईस्तोवर बेल थांबते, वहिनी परसात असल्या तर त्यांना ऐकू जात नाही, आणि बेल ऐकून दादा घाईनं उठतो हे तर फारच धोक्याचं. पण त्यासाठी नंबर काढून टाकायची गरज नाही. बेल त्याच्या खिशात वाजायला हवी, एवढंच. ते करता येतं. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, तेव्हा या बाबतीत काकाचं ऐक.

हा नंबर घरात कसा आला ते तुला ठाऊक नसेल. तेव्हा साधा अर्ज केला की वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. तुझ्या आजोबांनी, आण्णांनी, ओवायटीत, म्हणजे जादा अनामत भरून लवकर फोन मिळण्याच्या योजनेत, पैसे भरले. ते पैसे हळदीचे होते. नंबर तीन आकडी होता, ऑपरेटरला सांगून जोडून घ्यायचा. पुढे एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, आकडे वाढले, मग खात्याच्या सगळ्या नंबरांपुढे दोनचा आकडा लागला, पण शेवटचे तीन आकडे तेच राहिले. आजही दादाच्या शाळेतले सोबती, हळदीचे जुने व्यापारी, गॅस एजन्सी, एलआयसीचे कागद, बँकेतलं खातं, सगळीकडे तोच नंबर आहे. त्यातल्या निम्म्या लोकांकडे दादाचा मोबाईल नंबर नाही आणि ते तो कधी लिहून घेणारही नाहीत. नंबर गेला तर ही माणसं दादाला कुठे शोधणार?

आता तुमच्या घरी जी लाइन आहे ती तांब्याची नाही, हे आधी लक्षात घे. तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा डीसी करंट यायचा आणि बेल द्यायची तेव्हा ७५ व्होल्टचा एसी. खांबावर जोडणी चालू असताना कुणाचा फोन आला तर लाइनमनला चांगला झटका बसायचा. फायबरवर यातलं काही नाही. काचेच्या तारेतून उजेड येतो, ओसरीवरच्या त्या पांढऱ्या डब्यात, ओएनटीत, तो संपतो, आणि डब्याच्या मागच्या 'फोन' लिहिलेल्या भोकात आपला जुना फोन खोचलेला आहे. फोनला वाटतं आपण एक्स्चेंजला जोडलेलो आहोत. प्रत्यक्षात तो डबाच त्याला टोन देतो, बेल देतो, आणि तुझ्या बाबांच्या बोलण्याचे तुकडे करून इंटरनेटच्या पद्धतीनं पुढे पाठवतो. सेकंदाला आवाजाची ८००० मापं, दर २० मिलिसेकंदांना १६० बाइटचं एक पाकीट, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. मिनिटभराच्या बोलण्याला दोन्ही बाजू मिळून १.३ एमबीच्या आसपास डेटा लागतो. व्हिडिओ बघणाऱ्या मोबाईलला हे काहीच नाही.

मोबाईलचा मार्ग इथूनच निघतो. तांब्याच्या काळात नंबर म्हणजे एक्स्चेंजमधल्या एमडीएफवरची, तारांच्या मुख्य चौकटीवरची, एक जागा होती, तिथून जंपर टाकला की ती जोडी त्या घराची. आता नंबर ही फक्त एक नोंद आहे. डबा दर थोड्या वेळानं कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, 'हा नंबर सध्या माझ्याकडे आहे, फोन आला तर इकडे पाठवा.' या बोलण्याच्या रीतीला सिप म्हणतात. तिचं पहिलं मानक १९९९ चं आणि आज चालतं ते २००२ चं. डबा जशी नोंद करतो तशीच मोबाईलमधलं ॲपही करू शकतं. सर्व्हरनं दोन्ही नोंदी धरून ठेवल्या तर फोन आल्यावर ओसरीवरचा आणि दादाच्या खिशातला, दोन्ही एकदम वाजतात. ज्यानं आधी उचलला त्याचा कॉल, दुसरा आपोआप गप्प होतो. आपल्याकडे माडीवर पॅरलल फोन होता, आठवतो? त्याच्यावर खालचं बोलणं वर ऐकू यायचं. इथे तसं होत नाही, हे मला जास्त बरं वाटतं.

एक घोळ बरेच जण करतात, तू करू नकोस. मोबाईलमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' म्हणून जी सोय आहे, जी आपल्याकडे २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलनं आणि २०२० च्या जानेवारीत जिओनं सुरू केली, ती वेगळी. तिच्यात तुझा मोबाईल नंबर घरच्या वाय-फायवरून चालतो. आपल्याला उलटं हवं आहे, घरचा नंबर मोबाईलमध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट. तू म्हणालीस, बंद नाही करायचा तर सगळे कॉल पुण्याला तुझ्या मोबाईलवर फॉरवर्ड करून टाकते, म्हणजे बाबांना त्रास नको. मनू, हे अजिबात करू नकोस. फॉरवर्ड सोपं आहे, पण त्याचा अर्थ काय होतो ते बघ. दादाच्या मित्राचा फोन आला, उचललास तू, मीटिंगमध्ये होतीस, 'बाबांना सांगते' म्हणालीस. दोनदा असं झालं की तो मित्र फोन करणार नाही. वाईचा फोन वाजायचा थांबला की दादा विचारणारही नाही, त्याला वाटेल लोक आपल्याला विसरले. ऑपरेशननंतर बाहेर जाणं बंद, गणपतीच्या घाटावरची संध्याकाळची बैठक बंद. आता घरी येणारे आवाजही दुसऱ्या गावी वळवायचे? त्याचे फोन त्यानंच घ्यायला हवेत. बेल आधी त्याच्या खिशात. त्यानं नाही उचलला, तर मग तुझ्याकडे. 'उत्तर नाही आलं तर फॉरवर्ड' अशी वेगळी सोय असते. ती सर्व्हरवरच होते, तिला घरात वीज किंवा वाय-फाय असण्याचीही गरज नसते. ती तेवढी लाव.

आता हे जमवायचं कसं. पहिला रस्ता कंपनीच्या स्वतःच्या ॲपचा. जिओच्या फायबरसाठी 'जिओजॉइन' आहे, पूर्वी त्याचं नाव 'जिओकॉल' होतं. बीएसएनएलनं २०१८ मध्ये 'विंग्ज' आणलं, ते सिमशिवाय फक्त ॲपवर चालणारा वेगळा नंबर देणारं होतं, पण आपल्या देशात इंटरनेटवरून साध्या फोनला जोडण्याची कायदेशीर वाट तेव्हा मोकळी झाली. तुमच्या कंपनीचं ॲप असेल तर त्यावरच थांब. ओटीपी येईल तो नोंदलेल्या मोबाईलवर, म्हणून आधी खात्यावर कुणाचा मोबाईल लावलाय ते बघून घे. बहुतेक फायबर बसवणाऱ्या मुलाचाच लागलेला असेल, तसं मी खूप घरी पाहिलं आहे.

ॲप नसेल तर कंपनीकडे सिपचं खातं माग: सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड. ते मिळालं तर लिनफोनसारखं मोफत ॲप चालतं. पूर्वी अँड्रॉइडमध्ये ही सोय आतच होती, २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून काढून टाकली, म्हणून ॲप घ्यावंच लागतं. खातं मागताना एक प्रश्न नक्की विचार: 'एका नंबरवर एका वेळी किती नोंदी चालतात?' एकच चालत असेल, तर ॲपनं नोंद केली की ओसरीवरच्या डब्याची नोंद जाते, मग डबा पुन्हा करतो, ॲपची जाते, आणि फोन कधी इथे कधी तिथे वाजतो. तसं असेल तर ॲपच्या वाटेला न जाता सरळ कॉर्डलेस फोन घे, त्याचा हँडसेट दादाच्या खिशात राहील.

श्टुटगार्टला मुलाकडे गेलो तेव्हा तिथली रीत पाहून मला फार समाधान वाटलं. जर्मनीनं जुन्या आयएसडीएन लाइनी काढून सगळा फोन इंटरनेटवर नेला. त्याच्या घरी फ्रिट्झबॉक्स आहे, एव्हीएम नावाच्या बर्लिनच्या कंपनीनं २००४ पासून काढलेला राउटर. तो राउटरच घरातलं छोटं एक्स्चेंज आहे. मोबाईलचं ॲप कंपनीकडे नाही, राउटरकडे नोंद करतं आणि त्याला ६२० असा आतला नंबर मिळतो. स्वयंपाकघरातल्या फोनवरून दोन चांदण्या आणि ६२० दाबलं की वरच्या मजल्यावर मुलाचा मोबाईल वाजतो. बाहेर गेला की तो व्हीपीएननं घरी जोडून घेतो आणि मग ट्राममध्ये बसून घरच्या नंबरावरून बोलतो. मी तो डबा उघडून बघायला मागितला, इतकं ते मला आपलं वाटलं. आपल्याकडच्या कंपन्यांचे डबे बहुतेक बंद असतात, ग्राहकाला आत काही करू देत नाहीत. हे बदलायला हवं. नंबर माझ्या घराचा असेल, तर तो घरातल्या कुठल्या यंत्रावर वाजवायचा हे घरानं ठरवावं.

जोडून झाल्यावर दोन दुखणी हमखास येतात. पहिलं म्हणजे बेल वाजते, उचलला, पण आवाज एकाच बाजूला. सिपमध्ये निरोप एका वाटेनं जातो आणि प्रत्यक्ष बोलणं दुसऱ्या. ॲप आपला पत्ता म्हणून घरातला १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता सांगून बसतं, बाहेरच्याला तो सापडत नाही, आणि आवाजाची पाकिटं वाटेतच हरवतात. राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाचं बटण असतं, ते बंद कर आणि ॲपमध्ये 'स्टन' चालू कर. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. दुसरं दुखणं, मोबाईल खिशात झोपला की ॲपही झोपतं आणि बेल येतच नाही. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बंधन काढून टाक. हे न केल्यामुळे लोक 'चालत नाही' म्हणून ॲप काढून टाकतात.

दादाला हेही सांग की या ॲपवरून कुणाच्या मोबाईलला फोन लावताना आधी शून्य लावायचा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला तसा नियम आहे, आणि ॲप मोबाईलमध्ये असलं तरी नंबर लँडलाइनचाच. १०८ ची गाडी किंवा ११२ ला फोन लावायचा तर मात्र ॲपवरून नाही, साध्या मोबाईलवरूनच. घरचा नंबर वाईच्या पत्त्याला बांधलेला आहे. दादा तुझ्याकडे पुण्याला आलेला असेल आणि तिथून त्या नंबरानं मदत मागितली, तर नको तो घोटाळा होईल.

वीज हा खरा कमकुवत भाग. तांब्याच्या काळात गावभर अंधार असला तरी फोनला टोन असायचा, कारण आमच्या बॅटऱ्या चालू असायच्या. बॅटरीरूमची ड्यूटी म्हणजे काय असते ते मी जाणतो. फायबरच्या डब्याला घरचीच वीज लागते. वाईला पावसाळ्यात वीज जाते ती रात्रभर. म्हणून डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाच, बहुधा १२ असतील, आणि तेवढ्या व्होल्टचा राउटरचा छोटा यूपीएस लाव. ॲप मोबाईल डेटावर चालणारं असेल तर अंधारातही खिशातली बेल वाजेल. फक्त घरच्या वाय-फायवर चालणारं असेल तर या यूपीएसवाचून इलाज नाही.

आणि सिपच्या खात्याचा तो पासवर्ड कुणाला दाखवू नकोस. सिपचे पासवर्ड शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस इंटरनेटवर चालू असतात. एकदा सापडला की परदेशी फोन लावून बिल तुमच्या नावावर. दादाला हेही पुन्हापुन्हा सांग: 'तुमचा फोन दोन तासांत बंद होणार, ९ दाबा' असा फोन आला तर ठेवून द्यायचा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, असे फोन करत नाही, हे ट्रायनंच जाहीर केलं आहे.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या एसटीनं वाईला येतो. तोपर्यंत तू कंपनीला फोन करून ॲपचं आणि नोंदींचं तेवढं विचारून ठेव, उत्तर मेलवर लेखी माग. डब्याच्या तळाला स्टिकर आहे, त्याचा फोटो काढून मला पाठव. दादाचा मोबाईल जुना झाला असेल तर नवा घेण्याआधी मला विचार. त्याला मोठ्या आवाजाची बेल हवी, बाकी काही नको. ओसरीवरचा फोन हलवू नका. वहिनींना तोच आवडतो.

तुझा
अप्पाकाका