हवालदारांचा चुना

पुणे,
१२ नोव्हेंबर

चि. मनूस,


परवा फोनवर म्हणालीस, "काका, त्या पाण्याच्या पाइपवर लेख लिही म्हणून कमांडिंग ऑफिसर मागे लागलेत. मी लष्करातली सॅपर-इंजिनिअर आहे, लेखिका कुठली!" मी हसलो, पण रात्री झोप लागली नाही. कारण वेगळं आहे.

मी कॅप्टन असताना एका नाल्यावर रात्रीतून बेली ब्रिज टाकायचा होता. पावसाची रिपरिप, टॉर्चच्या काचेवर कागद चिकटवलेला, म्हणजे उजेड असून नसल्यासारखा. पुलाची पोलादी पॅनेलं जोडायची पिन तू हाताळली आहेस. तिच्या डोक्यावर खाच असते. ती आडवी राहिली तरच पलीकडे सेफ्टी पिन नीट बसते. अंधारात ती खाच दिसत नाही आणि चिखलानं बुजली की बोटालाही लागत नाही. आमच्या हवालदारांनी दुपारीच कंपनीतल्या यच्चयावत तंबाखूवाल्यांच्या डब्यांतला चुना गोळा केला, खाचाखाचांत दाबून भरला आणि पिना ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या. रात्री प्रत्येक पिनेवर पांढरी रेघ. उजाडायच्या आत पूल उभा!

आणि मी अहवालात काय लिहिलं? "काम वेळेत पूर्ण." बस्स. हवालदार पेन्शनवर गावी गेले, त्यांच्याबरोबर युक्तीही गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी एका सरावात मी निरीक्षक म्हणून उभा होतो. दुसऱ्याच कंपनीची पोरं अंधारात त्याच पिना चाचपत होती. त्यांच्यावर कसला चिडणार? न लिहून त्यांना चुना मीच लावला होता.

कागदावर उतरलेलं किती टिकतं ते पाहायचं तर त्या बेली पुलाचा जन्मच बघ. १९४० साली डोनाल्ड बेली या ब्रिटिश युद्धखात्यातल्या मुलकी अधिकाऱ्यानं कल्पना सुचताच ती पाकिटाच्या पाठीवर रेखाटली. दहा फुटांचं पॅनेल, सहा जणांनी उचलावं असं. जुलै २०२४ मध्ये वायनाडमध्ये दरड कोसळली, तेव्हा चूरलमल्याला मद्रास सॅपर्सनी १९० फुटांचा बेली टाकला. तिथल्या तुकडीत आपल्या नगर जिल्ह्यातल्या मेजर सीता शेळके होत्या. पाकिटावरच्या चार रेघा चौऱ्याऐंशी वर्षांनीही माणसांना पलीकडे नेत होत्या.

लिहिणं हे आपल्या धंद्याला नवं नाही. १८६३ मध्ये रुरकीच्या थॉमसन कॉलेजात मेजर मेडली यांनी भारतीय अभियांत्रिकीवरच्या व्यावसायिक निबंधांची मालिका सुरू केली. मैलोगणती दूर, एकेकट्यानं काम करणाऱ्या इंजिनिअरांना एकमेकांचा अनुभव कळायला दुसरा मार्ग नव्हता. आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सबरोबर लढलेले प्रेमिंद्रसिंग भगत घे. १९४१ मध्ये ॲबिसिनियात चार दिवसांत पंधरा सुरुंगक्षेत्रं साफ करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हा माणूस पुढे देशाच्या संरक्षणावर पुस्तकं लिहीत बसला. बासष्टच्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी करणाऱ्या दोघांपैकीही ते एक होते. तो अहवाल सरकारनं अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. पण म्हणून तो लिहायलाच नको होता, असं कोण म्हणेल?

आमच्या वेळी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे "याला काम कमी दिसतंय" अशा नजरेनं बघत. तुझे कमांडिंग ऑफिसर स्वतःहून मागे लागतात, हे तुझं भाग्य समज.

आता तुझा पाइप. पंप बंद झाला की खोलगट जागी पाणी साचून गोठतं, हे तुझ्या नाईकानं हेरलं आणि सगळ्या पाइपला सलग उतार देऊन पाणी आपोआप निथळेल असं केलं. हे सुंदरच आहे. पण "सुंदर" लिहू नकोस. उतार किती दिला, पाइप किती लांब, रात्रीचा पारा कुठवर गेला, किती रात्री टिकलं, ते लिही. आणि कुठल्या रात्री फसलं, का फसलं, हे आधी लिही. दुसऱ्या पोस्टवरच्या माणसाला त्याचाच उपयोग जास्त. ठिकाण, पोस्टची उंची, माणसांची संख्या यातलं काही कागदावर येता कामा नये. मंजुरी घेऊनच बाहेर पाठव. छापता आलं नाही तर युनिटच्या फायलीत ठेव, पण ठेव. नाईकाचं नाव मात्र पहिल्याच परिच्छेदात हवं. मंजुरीत ते कापलं गेलं, तर निदान फायलीतल्या प्रतीत राहू दे.

आणखी एक. उद्या तुझ्या हाती कंपनी येईल. काम संपल्यावर चहाच्या वेळी विचारत जा, "आज नवीन काय केलंत?" जवान लाजतील, "काही नाही साहेब" म्हणतील. तेव्हा वही उघडून बसायचं. आपल्यासाठी कोणी पेन उघडलंय म्हटल्यावर माणूस बोलतो. मी त्या पहाटे हवालदारांना चहा दिला, पाठ थोपटली. वही काही काढली नाही.

मसुदा पाठव. विशेषणं मी छाटीन, आकडे तू तपास. काकूनं चिवडा पाठवलाय, नाईकालाही दे.

तुझा,
काका