पेनड्राइव्ह घेत नाही!

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून दुरुस्तीच्या टेबलावर एक तक्रार सतत येते आहे: ‘लॅपटॉप पेनड्राइव्ह घेत नाही.’ विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यामुळे कीबोर्ड धड, स्क्रीन धड, रॅम पुरेशी, असे कितीतरी लॅपटॉप एका तारखेत जुने ठरले. ते भंगारात घालण्यापेक्षा त्यांवर लिनक्स टाकावं असं अनेकांना वाटतं, आणि ते योग्यच आहे. घरी पेनड्राइव्ह तयार होतो, लॅपटॉपला लागतो, आणि मशीन त्याच्याकडे न बघता पुन्हा विंडोजमध्येच जाऊन उभं राहतं. मग कोणीतरी जाणकार सांगतो, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.

मदरबोर्ड क्वचितच गेलेला असतो. यूएसबीवरून बूट न होणं हा एक बिघाड नाहीच. लॅपटॉप सुरू होताना ठरावीक क्रमाने काही गोष्टी शोधतो आणि त्यांतली एखादी न मिळाल्यावर तिथेच थांबतो. तो नेमका कुठे थांबला हे स्क्रीनवर बहुतेक वेळा दिसतं. ते न पाहता बायोसमध्ये शिरून दिसेल ते बदलत सुटणं, हीच या दुखण्यातली सगळ्यांत वाईट सवय.

तो शोधतो काय? जुन्या पद्धतीचं बायोस ड्राइव्हचे पहिले ५१२ बाइट वाचतं. त्यांतले शेवटचे दोन बाइट ‘५५ एए’ असले, की सुरुवातीचा कोड चालवतं. नसले तर तो ड्राइव्ह त्याच्या लेखी बूटचा नाहीच. यूईएफआय हे नवं फर्मवेअर वेगळं वागतं. ते फॅट३२ पद्धतीचं पार्टिशन शोधतं, त्यात ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर, त्याच्या आत ‘बूट’, आणि त्यात ‘बूटएक्स६४ डॉट ईएफआय’ ही फाईल. म्हणून पहिली तपासणी घरच्या घरी होते: पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून उघडा. आत डाउनलोड केलेली आयएसओ फाईल एकटीच पडलेली दिसली तर निदान तिथेच झालं. आयएसओ नुसती कॉपी करून भागत नाही. रुफससारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर उतरवावी लागते. रुफस वापरताना ‘पार्टिशन स्कीम’ विचारली जाते, तो प्रश्न घाईत ओलांडू नका. मशीन यूईएफआयचं असेल तर जीपीटी निवडा.

पेनड्राइव्हच खोटा असण्याची शक्यताही मी कधी सोडत नाही. पाकिटावर १२८ जीबी छापलेलं असतं आणि आत त्याच्या पावपटही जागा नसते. लिहिताना सगळं सुरळीत दिसतं, वाचताना डेटा गायब. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा छोटा प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतो आणि खरं काय ते सांगतो. वेळ लागतो, पण शंका उरत नाही.

आता बूट मेनू. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एस्केप दाबून एफ९, असूसला एस्केप किंवा एफ८. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत एफ१२ चा मेनू मुळात बंद असतो. एफ२ ने आत जाऊन तो आधी चालू करावा लागतो. कळ बरोबर असूनही मेनू येत नसेल किंवा पेनड्राइव्ह यादीत नसेल, तर लॅपटॉप ‘शट डाउन’ करून चालू केलाय का, ते विचारा. विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. त्यात फर्मवेअरमधला ‘फास्ट बूट’ चालू असेल तर यूएसबी तपासण्याचा टप्पाच गाळला जाऊ शकतो. अशा वेळी शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा आणि पुढच्या निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. बहुतेक मशीनवर एवढ्याने काम होतं, बायोसमध्ये जावंच लागत नाही.

मेनू आला की यादी सावकाश वाचा. बऱ्याच मशीनवर एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एका ओळीत नुसतं ‘सँडिस्क’, दुसऱ्या ओळीत ‘यूईएफआय: सँडिस्क’. दिसायला फरक एका शब्दाचा, पण पहिली ओळ जुन्या बायोसच्या वाटेने जाते आणि दुसरी नव्या. चुकीच्या ओळीवर एंटर दाबलं तर काळ्या स्क्रीनवर कर्सर लुकलुकत राहतो, किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं. त्याहून त्रासदायक म्हणजे कधी कधी इन्स्टॉलर सुरूही होतो आणि घोळ पुढे निघतो. विंडोजचा इन्स्टॉलर डिस्क जीपीटी पद्धतीची आहे म्हणून तीवर बसायला नकार देतो, आणि लोक हार्डडिस्कला दोष देऊन ती पुसून टाकतात. डेटा जातो तो असा, एका शब्दापायी.

लहान, स्वस्त लॅपटॉपांचं एक दुखणं वेगळंच आहे. इंटेलच्या ॲटम प्रोसेसरवरच्या, साधारण २०१४ च्या आसपासच्या अनेक मशिनींत प्रोसेसर ६४-बिटी आणि फर्मवेअर मात्र ३२-बिटी. ते ‘बूटआयए३२’ नावाची फाईल शोधतं. बाकी सगळीकडे चालणारा पेनड्राइव्ह त्याला दिसतच नाही. एका कॉलेजच्या मुलीचा असा लॅपटॉप दोन ठिकाणी ‘डेड’ ठरवून परत आला होता. डेबियनच्या पेनड्राइव्हवर ती ३२-बिटी फाईल होती. लावला आणि पहिल्याच फटक्यात इन्स्टॉलरचा मेनू उघडला. विद्यार्थ्याच्या हातातलं एकमेव यंत्र असं अर्धवट तपासून मोडीत काढणं मला अक्षम्य वाटतं.

राहिला सिक्युअर बूट. विंडोज ८ बरोबर, २०१२ पासून, तो सर्रास आला. डिजिटल सही ओळखीची असेल तरच फर्मवेअर बूट फाईल चालवतं. उबंटू, फेडोरा यांच्याकडे मायक्रोसॉफ्टने सही केलेली ‘शिम’ नावाची फाईल असते, म्हणून ते सिक्युअर बूट चालू असतानाही बूट होतात. पण बाद ठरलेल्या फाईलींची यादीही असते, आणि ती वाढते. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांचे जुने लिनक्स पेनड्राइव्ह एका रात्रीत नाकारले गेले. स्क्रीनवर ‘एसबॅट’ तपासणी फसल्याचा संदेश. त्यावर उपाय सोपा आहे: त्याच लिनक्सची ताजी आयएसओ उतरवा. सिक्युअर बूट बंद करणं हा शेवटचा मार्ग, पहिला नव्हे. एसरच्या काही मॉडेलांवर तो पर्याय करडा दिसतो, कारण आधी सुपरवायझर पासवर्ड लावावा लागतो. लावलात तर काम झाल्यावर काढूनही टाका.

आणि सिक्युअर बूट बंद करण्याआधी थांबा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. या ‘बिटलॉकर’ एन्क्रिप्शनची किल्ली टीपीएम सांभाळते. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की टीपीएमला मशीन वेगळं वाटतं आणि ते किल्ली देत नाही. पुढचा पडदा निळा, आणि त्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितलेली. पेनड्राइव्ह चालू करण्याच्या खटपटीत घरातले सगळे फोटो अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. ही की नसेल तर जगातला कोणताही दुरुस्तीवाला तो डेटा काढून देऊ शकत नाही. देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

म्हणून हा अंक बाजूला ठेवाल तेव्हा एवढं करा. विंडोज नीट चालू आहे तोवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बिटलॉकरची रिकव्हरी की शोधा आणि ४८ आकडे कागदावर उतरवून घ्या. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. घराच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवा.