तापीकाठी जॅझ!

वीकेण्ड म्हटला की लोणावळा, अलिबाग, फारतर दापोली. या वेळी जरा हटके करून बघा. रात्रीच्या गाडीने नंदुरबारला उतरा, शहाद्याची एसटी पकडा. वाटेत तापीचा पूल ओलांडला की प्रकाशा. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, दगडी घाट. खान्देशात या गावाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. सोबत एकच गोष्ट न्या, चांगले इअरफोन!

देवळात इअरफोन कशाला? देवळात नाहीच. पण संध्याकाळची आरती संपली, गर्दी पांगली, की घाटाच्या वरच्या पायरीवर बसा आणि नव्या जॅझचा एखादा रेडिओ शो लावा. मी ‘एनटीएस’ लावला होता. लंडनमध्ये 2011 साली सुरू झालेलं हे इंटरनेट स्टेशन, ऐकायला फुकट. आधी एक सॅक्सोफोन, मग नुसतीच खरखर, मग कुणीतरी भांडी वाजवल्यासारखा ताल. पहिली पाच मिनिटं वाटलं, नेटवर्क गंडलंय. मग कान सरावले. पुलावरच्या ट्रकचा घरघराटसुद्धा त्यातलाच वाटायला लागला.

अशा शोची गंमत हीच. अॅपवरची प्लेलिस्ट आपल्याला आवडलेलंच पुन्हा पुन्हा वाढते. इथे मात्र एक माणूस नवे अल्बम ऐकून, निवडून आणतो आणि म्हणतो, ‘हे ऐक.’ पुढे काय येणार, आपल्याला पत्ताच नसतो.

हे आजचं नाही. 1955 पासून विलिस कोनोव्हर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर शॉर्टवेव्हने जॅझ पोचवायचा, तोही सावकाश, सोप्या इंग्रजीत. जगभर त्याचे चाहते, खुद्द अमेरिकेत मात्र तो जवळजवळ अनोळखी. मग आला वर्ल्डस्पेसचा उपग्रह रेडिओ. ए. आर. रहमानची जाहिरात आठवतेय? त्यावर ‘रिफ’ नावाचं अख्खं जॅझ चॅनल होतं. 31 डिसेंबर 2009 ला भारतातली ही सेवा बंद पडली. बीबीसी रेडिओ थ्रीचा 1999 पासूनचा ‘लेट जंक्शन’ 2019 मध्ये आठवड्याच्या तीन रात्रींवरून एका रात्रीवर आला, तेव्हा कलाकारांनी जाहीर निषेध केला. विचित्र संगीताला जागा मिळते, पण ती टिकवावी लागते.

‘पण प्रकाशात जॅझ म्हणजे जरा अतीच,’ असं म्हणाल? थांबा. 1954-55 मध्ये बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा ताम्रपाषाण युगातल्या वस्तीत माळव्याच्या पद्धतीची भांडी निघाली आणि जोर्व्याच्या पद्धतीचीही. माळवा सातपुड्यापलीकडे, जोर्वे पार प्रवरेच्या खोऱ्यात. म्हणजे लांबचं काही आलं की ते वापरून बघायची सवय या काठाला साडेतीन हजार वर्षांपासून आहे. जॅझही फक्त मोठ्या शहरांची जहागीर कधी नव्हती. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट सोबत घेतला आणि 1951 च्या ‘अलबेला’वर अख्खा देश नाचला.

एक गोष्ट मात्र खटकते. इथून उत्तरेला, सातपुड्यात, काठीची होळी होते. रात्रभर भलेमोठे ढोल, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले बावा-बुध्या. हा आवाज कुठल्याही प्रायोगिक अल्बमच्या तोडीस तोड आहे. तो मात्र आपण ‘लोककला’ असं लेबल लावून 26 जानेवारीच्या चित्ररथावर चढवतो. लंडनचा आवाज तापीकाठी पोचला. सातपुड्याचा ढोल ‘नवं संगीत’ म्हणून तिकडे कधी वाजणार? तुमच्यापैकी कुणाकडे रेकॉर्डर असेल तर बॅगेत टाकाच.

कसं जाल? : सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार स्टेशन, तिथून शहाद्याकडे जाणारी एसटी.
कधी? : हिवाळ्यात. डिसेंबरात जवळच सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. ढोल ऐकायचे तर होळीला, काठीला.
काय खाल? : शेवभाजी, कळण्याची भाकरी. मिरची नंदुरबारची आहे, पाणी जवळ ठेवा!