दोष वायरचा होता

तर झालं असं, परवा माळा आवरताना आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची कॅसेट सापडली. २००१ सालची. 'खराब झाली' म्हणून पंधरा वर्षं पडून होती. जुन्या व्हीसीआरला लावली, तर चित्र थरथरतंय. सहज पिवळ्या पिनेची वायर मानेशी दाबली आणि आई स्वच्छ दिसली! सोडली की पुन्हा थरथर.

तेव्हाही हीच वायर होती. पिनेपाशी वाकून वाकून आतली तार तुटते, आणि साच्यात ओतलेली पिन उघडताही येत नाही. म्हटलं, घरीच करू. बुधवार पेठेतून २ मीटर आरजी-५९, म्हणजे ७५ ओहमची केबल आणि उघडता येणाऱ्या धातूच्या पिना आणल्या. मधली तार पिनेच्या टोकाला आणि भोवतीची जाळी बाहेरच्या कड्याला सोल्डर केली. टोपण आधी ओवायला विसरलो, म्हणून एक बाजू पुन्हा करावी लागली! (जन्मभर मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' सांगणारा मी.) पिनेच्या पट्टीने केबलचं आवरण आवळलं, की ओढ सांध्यावर येत नाही. मानेवर तापवल्यावर आकसणारी नळी चढवली.

आई दिसली. बोललीसुद्धा.

असो. कॅसेट शेवटची धाकट्या भावाने नेली होती. 'तूच बिघडवलीस,' असं मी चारचौघांत म्हणालो होतो. मी मोठा, म्हणून तो गप्प राहिला. तेव्हा इथे चारचौघांतच लिहितो: बाबा रे, चूक माझी. ये, एकत्र बघू.