आडनांव बाहेर ठेवून

आमच्या घरांत दारूचें नांव उच्चारण्याचीहि चाल नव्हती. सदाशिव पेठेंतील जुनें घर, तीन भावांचा एकत्र संसार, देवघरांत नित्य पूजा आणि पुस्तकांनीं भरलेलीं कपाटें. अशा घरांतील वडील मुलगा रोज रात्रीं खोलीचें दार लावून मद्य पितो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक होती आणि तरीहि ती कोणी जाणत नव्हतें! मी सकाळीं उठूं शकलों नाहीं, म्हणजे आई येणाऱ्याजाणाऱ्यांस सांगे, “त्याला पित्ताचा त्रास आहे.” धाकटा भाऊ तेंच वाक्य माझ्या कचेरींत कळवी. पुढें पुढें तर मीहि त्या पित्तावर विश्वास ठेवूं लागलों. घराची अब्रू राखण्यासाठीं सर्वांनीं मिळून उभारलेल्या त्या आडोशामागें माझें व्यसन दहा वर्षें निर्धास्तपणें वाढलें.

तो आडोसा प्रथम मोडला माझ्या पत्नीनें. एके सकाळीं कचेरीचा फोन तिनें घेतला. आईनें नेहमीची खूण केली. परंतु पत्नीनें फोन आणून माझ्या हातीं दिला आणि हलक्या स्वरांत म्हणाली, “अहो, काय सांगायचें तें तुम्हीच सांगा. मला आतां खोटें बोलवत नाहीं.” त्या वेळीं मला तिचा विलक्षण राग आला. आज वाटतें, तिच्याइतके उपकार माझ्यावर कोणीं केले नसतील.

त्याच आठवड्यांत आम्ही डॉक्टरांकडे गेलों. बरींच वर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू तोडली, तर हातांस कंप सुटतो, कधीं झटके येतात, भ्रम होतो आणि प्रसंगीं प्राणावरहि बेततें; म्हणून पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीखालीं काढावे, असें त्यांनीं सांगितलें. तसें आठ दिवस काढल्यावर निरोप देतांना ते म्हणाले, “शरीराचें काम झालें. आतां तुमच्यासारखीं माणसें शोधा.” आणि त्यांनीं ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बैठकांचे पत्ते दिले.

या मंडळाचा उगम अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं १९३५ सालीं झाला. बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा एक शेअर-व्यावसायिक कामानिमित्त तेथें गेला असतां पिण्याच्या मोहांत सांपडला, आणि तो मोह टाळण्यासाठीं दुसऱ्या एखाद्या मद्यपीस शोधूं लागला. त्याची गांठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशीं पडली. एका मद्यपीनें दुसऱ्यास आपली खरी कहाणी सांगितली, तर सांगणाराहि सांवरतो, हा अनुभव त्यांना आला. याच अनुभवावर सारें मंडळ उभें आहे. वर्गणी नाहीं; दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट.

ओळखीचें कोणी भेटूं नये म्हणून मीं शहराच्या अगदीं दुसऱ्या टोकाची बैठक निवडली. एका शाळेच्या वर्गांत, मुलांच्या बांकांवर, पंधरावीस गृहस्थ बसले होते. फळ्यावर सकाळचीं गणितें तशींच होतीं. माझी पाळी येतांच मी नांव, आडनांव आणि हुद्दा सांगूं लागलों. चालक हसून म्हणाले, “नुसतें नांव पुरे.” जें आडनांव जपण्यासाठीं आम्हीं सर्वांनीं इतकें खोटें बोललें, त्याची येथें कोणासहि गरज नव्हती!

शेजारीं रिक्षा चालविणारे एक गृहस्थ होते. बैठकींतील गोष्ट बाहेर सांगावयाची नसते. ही त्यांच्या अनुमतीनें लिहितों. ते म्हणाले, “बायको शेजाऱ्यांना सांगायची, यांना ताप आहे.” मीं चमकून पाहिलें. आमच्या घरीं जें पित्त, तोच त्यांच्या घरीं ताप! मग मींहि तें वाक्य उच्चारलें, “मी मद्यपी आहें.”

लगेच सर्व कांहीं सुरळीत झालें, असें मात्र नाहीं. चौथ्या महिन्यांत मी पुन्हां प्यालों. फरक इतकाच, कीं दुसऱ्या दिवशीं बैठकींत जाऊन तें सांगितलें. २०२० सालीं कॉक्रेन या संस्थेनें २७ अभ्यासांचें परीक्षण प्रसिद्ध केलें. दारूपासून सर्वस्वीं दूर राहण्याच्या बाबतींत, या मार्गाशीं रुग्णास जोडून देणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीचे किंवा अधिक गुणकारी ठरले. माझी पत्नीहि आतां ‘अल्-अनॉन’च्या बैठकीस जाते, मद्यपींच्या आप्तांसाठीं हें मंडळ १९५१ सालीं निघालें. ज्या घरांत कोणाला असेंच ‘पित्त’ असेल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस माझें एवढेंच सांगणें आहे, कीं झांकून ठेवल्यानें अब्रू राहत नाहीं. आजार तेवढा राहतो.

परवां गुरुवारीं मावशी आली होती. मी जोडे घालूं लागलों, तशी तिनें विचारलें, “हा कुठें निघाला या वेळीं?” आई क्षणभर थांबली. तिच्या ओठांवर जुनाच शब्द आला असावा. मग ती म्हणाली, “दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जातो. तीन वर्षें झालीं, प्याला नाहीं.”