उद्गारचिन्हांचा पडदा

मुलांनो, नुसत्या उद्गारचिन्हांनी भरलेला पडदा तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे.

१९८४ साली भारत सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. मी शिकवत होतो त्या शाळेतही एक होता. त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट! मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. २०१२ साली तो भंगाराच्या यादीत गेला. मुख्याध्यापक म्हणाले, "शनिवारपर्यंत चालू करून दाखवा, नाहीतर देऊन टाकू." माझा पहिला प्रोग्राम मी त्याच यंत्रावर लिहिला होता. तो भंगारात जावा, हे मला कसे आवडेल?

मी बटण दाबले. 'बीबीसी'ऐवजी 'सीसीसी' ही अक्षरे उमटली आणि सगळ्या मोकळ्या जागेत उद्गारचिन्हे! मॉनिटर बिघडला असे समजून मी पेचकस घेतला. गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांनी माझा हात धरला. "बेटा, पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात. प्लग काढला तरी ते लगेच जात नाहीत. आणि आधी आजारी कोण, ते तर बघ!"

त्यांनी संगणक आपल्या टीव्हीला जोडला. तेच चित्र. मॉनिटर निर्दोष होता.

मग मी विचार केला. संगणकात प्रत्येक अक्षराला एक संख्या असते. 'बी'ची ६६, 'सी'ची ६७. मोकळ्या जागेची ३२, उद्गारचिन्हाची ३३. म्हणजे शेवटच्या घरातले शून्य कुठेतरी एक म्हणून वाचले जात होते. तुम्हाला हे चटकन कळेल. जीमचा नुक्ता गेला की त्याची हे होते, तसेच!

पण चूक स्मृतीत होती की पडद्यावर? मी 'मोड ६' असा हुकूम टाईप केला. पडद्यावर ६ च्या जागी ७ उमटला. तरी एंटर दाबताच पडदा स्वच्छ झाला आणि अक्षरे अचूक दिसू लागली. संगणकाला ६ च मिळाला होता! सुरुवातीच्या पडद्यावर अक्षरांचे आकार एक वेगळी चिप काढते. मोड ६ मध्ये तिचे काम नसते. चोर सापडला.

प्लग काढून मी झाकण उघडले. चिपला २८ पाय होते. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने ते काळे पडले होते. दोन्ही टोकांकडून थोडे थोडे उचलत मी तिला बाहेर काढले. एक पाय मोडला असता तर सारेच संपले असते. पाय खोडरबराने हलकेच पुसले, चिप पुन्हा बसवली आणि बटण दाबले.

'बीबीसी'!

"म्हणजे एका नुक्त्याचा घोटाळा," चाचा हसून म्हणाले. मजुरी मात्र त्यांनी घेतली नाही. शनिवारी मुख्याध्यापकांनी यादीतली ती ओळ लाल शाईने खोडली.