झिंग्यांची खरी चव

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा आणि तुमसर ही धानाची पेठ. तेथे भात व झिंगे यांची जोडी जुनीच आहे. चायनीजच्या गाडीवर मात्र झिंगे पिठात घोळवून तळतात आणि खारट सॉसमध्ये बुडवितात. तुमसरच्या एका घरातील मुलांना हा पदार्थ फार प्रिय. परंतु रक्तदाबामुळे आजोबांना तो वर्ज्य होता. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मुलांच्या आईने यावर उपाय योजला. झिंगे सोलून, त्यांतील काळा धागा काढून तिने ते स्वच्छ धुतले. कढई खूप तापताच दोन चमचे तेलात आले, लसूण व सिमला मिरची परतली आणि त्यात झिंगे टाकले. सोया सॉस एकच लहान चमचा. वर मीठ मुळीच नाही, लिंबू मात्र पिळले. दोन-तीन मिनिटांत झिंगे गुलाबी होताच तिने कढई उतरविली; कारण अधिक शिजल्यास ते चिवट होतात.

मोठ्या आचेवर, थोड्या तेलात झटपट परतणे ही तर चीनमधील जुनीच पाकरीती होय! ताज्या पदार्थाची चव मिठाखाली झाकावी लागत नाही. त्या दिवशी आजोबांचे पान सर्वांच्या पंगतीत मांडले गेले.